टोपलीत गेलेली चिठ्ठी

रोझीना केम्लरच्या हातची चिठ्ठी खिशात पडल्याशिवाय आमच्या गावाला नवं वर्ष लागलं असं वाटतच नसे. चौतीस वर्षं हे काम तिच्याकडे होतं. ती शिवणकाम करायची, गावातल्या निम्म्या नवऱ्या तिने शिवलेल्या झग्यात चर्चची पायरी चढल्या. तिने स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, मापं घेता घेता सगळ्यांचे नवरे जवळून बघितले, तेवढं पुरे झालं.

एक जानेवारीला दुपारी प्रार्थनामंडळाची सत्तावीस माणसं गोटहिल्फ श्टोलच्या घरी जमत. शेगडीच्या एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये. वेताची टोपली फिरे, ज्याने त्याने एक चिठ्ठी काढायची, उभं राहून मोठ्याने वाचायची आणि त्यावरचं बायबलमधलं वचन वर्षभर जवळ बाळगायचं. आवडलं नाही म्हणून बदलून मागायची सोय नव्हती, आणि परत करणं तर ऐकिवातही नव्हतं. एका वर्षी खाटकाला जीभ आवरण्याचं वचन आलं, तर त्याच्या बायकोने ते डिसेंबरपर्यंत रोज त्याला ताटात वाढलं.

टोपलीतली वचनं रोझीना लिहायची. त्याशिवाय आणखी एक चिठ्ठी असायची, ती मात्र प्रत्येकाची खाजगी. वर्षाच्या शेवटच्या दिवशी घरी एकट्याने बसून देवाशी बोलायचं, येत्या वर्षासाठी एकच मागणं कागदावर लिहायचं आणि ते पवित्र शास्त्राच्या पानांत ठेवायचं. वर्ष सरलं की वाचायचं आणि शेगडीत टाकायचं. नवऱ्याचं मागणं बायको बघत नसे, बायकोचं नवरा. निदान आम्ही तसं म्हणायचो.

त्या वर्षीच्या चिठ्ठ्या लिहायला रोझीनाला तीन आठवडे लागले. एरवी तीन दिवसांचं काम. दोन वर्षांपासून तिच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग बसला होता. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जायचं, कडेकडेचं तेवढं दिसायचं. भर दुपारी खिडकीशी बसून, भिंग धरून, हाताच्या सवयीवर ती मोठी मोठी अक्षरं काढायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. शिवण बंद केली ती पाठीच्या दुखण्याचं निमित्त करून. डोळ्यांचं कळलं तर चिठ्ठ्या जातील, मग कोपऱ्यातली खुर्ची आणि सगळ्यांचा दयाळू आवाज एवढंच उरेल, ही तिची भीती होती. आणि खोटं कशाला बोला, तिचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. आमचं गाव दया दाखवायला लागलं की माणसाला नकोसं होतं.

टोपलीतल्या वचनांतून तिने एक मुद्दाम गाळलं होतं. पावलांपुढे उजेड धरणाऱ्या दिव्याचं. दोन वर्षं ते लिहायला तिचा हात धजत नव्हता.

शेवटच्या दिवशी तिने स्वतःचं मागणं लिहिलं, त्याच कागदावर, त्याच शाईने, आणि हाताच्या सवयीने घडीही तशीच घातली. मग टेबलावरच्या घड्या हाताने ओढून टोपलीत लोटल्या आणि भाची टोपली गोटहिल्फकडे पोचवून आली.

एक तारखेला सकाळी तिने पवित्र शास्त्र उघडून पानांत बोटं फिरवली. चिठ्ठी नव्हती. टेबलाखाली गुडघ्यांवर बसून तिने जमीन चाचपली, एप्रनचे खिसे उलटे केले. मग तिच्या ध्यानात आलं, काल टेबलावरून टोपलीत लोटलेल्या घड्यांत तीही गेली.

गोटहिल्फकडे जाऊन टोपली मागता आली असती. पण त्यातली आपली चिठ्ठी शोधणार कशी? कुणाकडून तरी वाचूनच घ्यावी लागली असती.

दुपारी ती गेली. क्रिस्टियानाने तिला शेजारी जागा दिली. ही क्रिस्टियाना म्हणजे अध्याय आणि ओळ तोंडपाठ असलेली बाई, दुसऱ्याचं चुकलं की हिचा चेहरा उजळायचा. पहिली चिठ्ठी तिनेच काढली, कागद लांब धरला आणि म्हणाली, "रोझीना, अक्षर दर वर्षी फुगतंय गं तुझं. पुढच्या वर्षी पाटीवरच लिही."

मंडळी हसली. रोझीनाही हसली.

टोपली पुढे सरकत गेली. जो उभा राहील त्याच्याबरोबर रोझीनाचा श्वास थांबायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला सुटायचा. धीराचं वचन. पेरणाऱ्याचं. दार ठोठावणाऱ्याचं. प्रत्येक ओळखीचं वचन आलं की बरं वाटायचं आणि लगेच कळायचं, टोपलीत एक आणखी कमी झालं. देवा, माझीच मला येऊ दे, एवढीच प्रार्थना तिला सुचत होती. चिठ्ठ्या लिहिणारीने सर्वांत शेवटी काढायची असा नियम होता, आणि तिच्या आधी घरचा यजमान.

गोटहिल्फ घोड्यांचे साज शिवायचा. घोडे गेले, ट्रॅक्टर आले, आता तो शाळेची दप्तरं दुरुस्त करायचा. बायको मार्टा वारल्यापासून घरात एकटाच. बोलायला रुक्ष, मंडळाची प्रार्थना मात्र खणखणीत सांगायचा. त्याने चिठ्ठी उघडली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. क्रिस्टियाना मान लांब करू लागली.

मग त्याने चिठ्ठी डोळ्यांसमोर धरून नेहमीच्या आवाजात वचन वाचलं. पावलांपुढे उजेड धरणाऱ्या दिव्याचं.

खोलीत फक्त दोघांना ठाऊक होतं की ते त्या कागदावर नाही. सव्वीस माणसांनी "आमेन" म्हटलं, त्यात रोझीनाचाही आवाज होता. या माणसाने सगळ्यांसमोर, प्रार्थनेच्या खोलीत, तिच्यासाठी खोटं वाचलं होतं. चाळीस वर्षांत त्याला कुणी साधी थाप मारताना पकडलं नव्हतं.

टोपली तिच्यापुढे आली. तिने चिठ्ठी काढली, उभी राहिली, उघडली. मधोमध तोच डाग. गेल्या वर्षी अशाच वेळी तिने पाठ असलेलं एक वचन म्हणून वेळ मारून नेली होती, याही वर्षी जमलं असतं. तिने तोंड उघडलं आणि तिला ते म्हणवेना. एका खोलीत एकाच दुपारी आपल्यासाठी दुसरं खोटं नको, असं तिला वाटलं.

तिने हात पुढे केला. "गोटहिल्फ, तू वाच. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली."

गोटहिल्फने चिठ्ठी घेतली आणि वाचली, आनंदाचं एक लहानसं वचन होतं. ती खाली बसली तेव्हा क्रिस्टियानाने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. टोपलीत एक चिठ्ठी जास्तीची उरली होती, पण ती कुणी मोजली नाही.

मंडळी नाशपातीचा पाव खाऊन, सफरचंदाची दारू पिऊन घरोघर गेली. रोझीना मागे थांबली. गोटहिल्फ शेगडीत लाकूड सारत होता.

"माझी चिठ्ठी दे," ती म्हणाली.

"काढलेली चिठ्ठी परत देत नाहीत."

"ते वचन नाही रे. माझं मागणं आहे."

"ठाऊक आहे. पण टोपलीतून माझ्या हाताला आली, म्हणजे वर्षभर माझी." त्याने ती खिशातून काढली आणि हळू आवाजात वाचली. "देवा, जे लपवते आहे ते या वर्षी एका माणसाला तरी सांगण्याचं बळ दे."

"खाली डोळ्यांचं लिहिलंय," रोझीना म्हणाली.

"ते तुझं. वरची ओळ माझीही आहे." तो शेगडीचं दार लावून तसाच वाकून राहिला. "मार्टा गेल्यापासून मी प्रार्थना सांगतो, रोझीना. करत नाही. तोंड चालतं, आत कुणी नसतं. सहा वर्षं झाली."

रोझीनाला त्याचा चेहरा दिसत नव्हता. पण त्याची खणखणीत प्रार्थना सहा वर्षं रविवारमागून रविवार ऐकून आपण घरी जात होतो, हे आठवून तिला त्याची फार दया आली. ती दया तिने आवाजात येऊ दिली नाही. टेबलावर नव्या वर्षाचं मोठं गोड ब्रेत्सेल, म्हणजे वेटोळ्या आकाराचा पाव, अर्धं उरलं होतं, ते तिने चाचपून शोधलं, मोडलं आणि मोठा तुकडा त्याच्या बाजूला सरकवला.

"झालं तुझं सांगून," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

"तुझंही."

दोघं खात बसली. जाताना तिने शाल घेतली आणि दाराशी थांबली. "उद्या दुपारी ये. वाचून दाखवायला."

"मला आतून काही वाटत नाही म्हटलं ना. नुसतं वाचून काय होणार?"

"नुसतंच वाच. ऐकायला मी आहे."

"कुठलं वाचू?"

"दिव्याचं," रोझीना म्हणाली. "दोन वर्षं मी ते टाळत होते."