बोंब दाबणारे सर

आमच्या वडगावच्या गल्लीतले सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात आणि भाजी घेतानाही तेच शिकवतात. दर वाक्याला चष्मा पुसतात. एकदा मला म्हणाले, "आक्का, पेशीच्या दारावरचा राखणदार जंतू दिसला की बोंबलतो. ती बोंब आत पोचवणारी प्रथिनं असतात, पण त्यातलंच एखादं वाटेत आडवं बसून ती दाबतंय. न्हायतर माणूस नुसत्या सुजेनं मरंल."

मी तेव्हा साठीची अल्लड पोर. म्हटलं, माझी बोंब कोण दाबतंय बघू.

मग नातीला बघायला निपाणीचे पाहुणे आले. मुलाचे वडील परसातल्या संडासात गेले, कडी अडकली, म्हणून बिचारे भिंतीवर चढले. मला नुसते पाय दिसले. मी "चोर, चोर" करून गल्ली उठवली. विणायचे हातमाग सोडून माणसं काठ्या घेऊन धावली.

सरांनी बोळाच्या तोंडाला सायकल आडवी लावली आणि चष्मा पुसत एकेकाला विचारलं, "चोर तू बघितलास व्हय रं?" कुणीच बघितला नव्हता. काठ्या खाली आल्या.

पाहुणे भिंतीवरूनच म्हणाले, "मुलगी पसंत हाय. पण पाठराखीण म्हणून ह्या आज्जी नकोत."