सारखा झिजलेला टायर

अंबडच्या वळणावर त्याचं जुन्या टायरचं दुकान आहे. वर्षानुवर्षं जातोय, पण नाव मी कधी विचारलं नाही, त्यानंही माझं. तो बोलतो टायरकडे बघून, गिऱ्हाइकाकडे क्वचितच.

परवा द्राक्षबागेतल्या लोखंडी अँगलनं माझा एक टायर फाडला. माझी गाडी चारही चाकांनी ओढणारी. म्हटलं, "एक नवा टाका."

"तीन झिजलेले अन् एक कोरा? कोरा उंच भरतो. आतले गिअर दिवसभर भांडत बसतील."

मग तो ढिगात शिरला. प्रत्येक टायरच्या खाचेत अंगठा घालायचा, डोळे मिटायचा आणि पुटपुटायचा, "तू नाय." शेवटी माझ्या उरलेल्या तिन्ही टायरांइतकाच झिजलेला एक घेऊन आला.

"एवढ्याशा फरकानं खरंच बिघडतं?" मी विचारलं.

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. डावी चप्पल काढून माझ्या हातात दिली. तळाला टायरचा जाड तुकडा ठोकलेला होता. चपलेविना तो डावीकडे कलला.

"हा ठोकायच्या आधी कंबर लय दुखायची," तो म्हणाला. "पण मला कण्हता तरी यायचं."