कंडक्टरीणबाईंची बदली

आमच्या लाँड्रीतले कंडक्टर आणि कंडक्टरीणबाई हे नवरा-बायको आहेत, हे जवळजवळ वर्षभर कोणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण परदेशातल्या त्या अख्ख्या इमारतीत मराठी बोलणारे आम्ही तिघेच. पण मला कोणी विचारलं नाही. आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही असा माझा स्वभाव आहे असं म्हटलं, तर माझ्या ओळखीची माणसं हसून लोळतील. खरं सांगायचं तर ही गोष्ट सांगावी लागते, हेच माझ्या डोक्यात आलं नाही. नवरा-बायको आहेत हे दिसत होतं की.

मला दिसत होतं. बाकीच्यांना काय दिसायचं? सकाळी एकाच बसमधून दोन माणसं उतरतात. बाप्या पुढे, बाई चार पावलं मागे. फाटकाशी तो दार ढकलून आत जातो आणि ते दार हिच्या नाकावर आपटायच्या आत ही हाताने अडवते. मग तो ओल्या खात्यात, म्हणजे मोठमोठ्या मशीनमधून हॉटेलांच्या नि इस्पितळांच्या भिजलेल्या चादरी उपसायला. ही इस्त्रीच्या रोलरवर, तिथून गरमागरम बाहेर पडणाऱ्या चादरी दुसऱ्या बाईबरोबर झेलून घड्या घालायला. मधल्या बोळात गाठ पडलीच, तर तो छताकडे बघतो आणि ही फरशीकडे. दुपारी ही पिशवीतून एक डबा काढते, पुरुषांच्या टेबलावर त्याच्यापुढे ठेवते आणि एक अक्षर न बोलता बायकांच्या टेबलावर जाऊन बसते.

यावरून लोकांनी असं ठरवलं की बाई डबे पुरवते आणि हे तिचं एक खडूस गिऱ्हाईक आहे. ट्रकच्या ड्रायव्हरने तर तिला खाणाखुणा करून सांगितलं की मलाही डबा लाव. तिला वाटलं, बिचारा उपाशी आहे. दुसऱ्या दिवसापासून त्यालाही डबा. महिनाअखेरीला तो पैसे द्यायला आला, तेव्हा ती इतकी रागावली की त्याला वाटलं, कमी दिले.

कंडक्टर हे नाव मी पाडलं, पण उगाच नाही. तिकडे गावाकडे हा माणूस खरोखरचा बस कंडक्टर होता, आणि साधासुधा नव्हे. कंडक्टरीणबाई सांगायच्या, बसमध्ये यांचं तोंड म्हणजे तोफखाना. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाची म्हैस आटली, कोणाचा जावई रुसला, सगळं यांना ठाऊक. दर तिकिटामागे एक चिमटा तिकिटाला आणि एक माणसाला. लोक दोन बस सोडून यांच्या बसची वाट बघायचे. मग बाईंच्या भावाने इथे बोलावून घेतलं, तिकडे शिकणाऱ्या मुलीच्या खर्चाला हातभार लागेल म्हणून दोघंच आली, आणि विमानातून उतरल्याबरोबर तोफखान्याची दारू भिजली. इथली भाषा त्यांना येईना. वर्षभरात ते चार शब्द शिकले, त्यातले दोन मशीनवर लिहिलेले होते.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण गठ्ठे बांधायच्या खात्यात एक विधुर होता. चांगला माणूस, दाढी नीट, शर्टाला इस्त्री. एक दिवस तो माझ्या टेबलाशी घुटमळला. माझं काम हिशेबनिसाचं, शिवाय मला इथली भाषा येते. त्याने मला विचारलं, की रोलरवरच्या त्या बाईला फुलं आवडतात का?

"तिला तिचा नवरा आवडतो," मी म्हटलं, "आणि तो पलीकडे ओल्या चादरी उपसतोय."

बिचाऱ्याचे कान लाल झाले. मला त्याची दया आली, पण ती दया बातमी दाबून ठेवण्याइतकी नव्हती. दुपारच्या जेवणापर्यंत ड्रायव्हरसुद्धा डब्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागला.

संध्याकाळी मुकादमीणबाईंनी मला बोलावलं. त्या इथल्याच, उंच, तुटक बोलणाऱ्या, पण मनाने लोणी. कोणाच्या मुलाला ताप आला तर स्वतःच्या गाडीने दवाखान्यात नेणाऱ्या. त्यांच्या छोट्याशा खोलीत कंडक्टरीणबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. मला दुभाषी म्हणून मध्ये बसवलं.

"तिला विचार," मुकादमीणबाई म्हणाल्या, "तो तिला मारतो का?"

मी विचारलं. कंडक्टरीणबाईंना हसूच आलं. "ते? ताई, ते झुरळ मारायलासुद्धा मला हाक मारतात."

"मग बोलत का नाही? शेजारी बसत का नाही? तिच्यासाठी दार का धरत नाही?"

मी सांगायला गेले, की आमच्याकडे चारचौघांत बायकोशी सलगी करणारा माणूस उथळ समजतात. जुन्या वळणाची माणसं आहेत, मान राखतात. मुकादमीणबाई म्हणाल्या, "मी तुला नाही विचारत, तिला विचारतेय. तुझ्यावर प्रेम आहे, असं तो शेवटचं कधी म्हणाला?"

आता हे मराठीत एका बाईला कसं विचारायचं? माझा नवरा इथलाच. तो फोन ठेवताना दर वेळी प्रेम आहे म्हणून सांगतो. कचऱ्याची पिशवी न्यायला विसरतो, पण हे विसरत नाही, आणि खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटतं. तरी मला ते वाक्य जिभेवर आणवेना. शेवटी मी म्हटलं, "वहिनी, ही विचारतेय, भाऊ तुमच्याशी गोड बोलतात का?"

त्यांनी रोलरवर भाजलेल्या बोटांवर फुंकर घातली. मग म्हणाल्या, "गोड राहू द्या ताई. बोलतात का, एवढंच विचारा."

मी हे जसंच्या तसं सांगितलं, आणि मुकादमीणबाईंनी काय ते ओळखलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला आमची आणखी एक लाँड्री आहे. वर कामगार बायकांच्या खोल्या आहेत, एक रिकामी आहे. म्हणाल्या, "हिला हवं असेल तर तिकडे बदली करते. एकटी राहील, कोणाची भीती नको. शुक्रवारपर्यंत सांगायला सांग."

मला वाटलं, कंडक्टरीणबाई पदर खोचून भांडायला उठतील. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "विचार करून सांगते."

कपडे बदलायच्या खोलीत मी त्यांना गाठलं. "वहिनी, विचार कसला करताय? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तिकडे असताना मला वाटायचं, दिवसभर बोलून दमतात, म्हणून घरी गप्प," त्या म्हणाल्या. "इथे दिवसभर तोंड बंद, तरी घरी गप्पच. रोलरवरची माझी जोडीदारीण घरी नवऱ्याशी काय काय बोलली ते मला खुणांनी सांगते. ती पण दमते, तिचा नवरा पण दमतो. मला आजवर वाटत होतं संसार असाच असतो. आता कोणीतरी विचारलंय, तुला काय हवं. उत्तर तर शोधू द्या मला."

मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांचं म्हणणं पटलंही होतं.

बदलीची गोष्ट माझ्याच तोंडून कंडक्टरांपुढे निसटली होती; गुरुवारी ते माझ्या टेबलाशी आले. ओला अ‍ॅप्रन, हातांना साबणाने पडलेल्या भेगा. म्हणाले, "ताई, ती जाणार आहे का?"

"मला काय विचारता? तिला विचारा."

"इथे चारचौघांत कसं विचारू?"

"मग घरी विचारा."

"घरी विचारलं," ते म्हणाले, "तर ती हो म्हणेल."

मी चिडलेच. म्हटलं, "भाऊ, अख्ख्या तालुक्याच्या म्हशींची चौकशी करत होतात ना? मग घरातल्या माणसाची करायला काय धाड भरली होती?" ते मान खाली घालून ओल्या खात्यात निघून गेले, आणि मग मला दिवसभर चैन पडेना.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या खोलीत नेहमीसारखा डबा त्यांच्यापुढे आला. त्यांनी तो उघडला नाही. उचलला, आणि बायकांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. सगळ्यांचे घास हातात. मुकादमीणबाई दारातच थबकल्या. विधुराने वर्तमानपत्र खाली केलं. कंडक्टरनी एकदा घसा खाकरला आणि त्या खोलीत कधी ऐकला नव्हता असा खणखणीत आवाज निघाला:

"चला, पुढे सरका. पुढे जागा आहे."

त्या बाकावर एकीलाही मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण सगळ्या मुकाट्याने सरकल्या. ते बायकोशेजारी बसले.

"लोक बघताहेत," कंडक्टरीणबाई पुटपुटल्या.

"बघू देत. कळतंय कोणाला?" मग आवाज एकदम खाली आला. "मला इथे कोणी ओळखत नाही गं. दिवसभर खाली मान घालून काम करतो. घरी येतो, तू असतेस, मग वाटतं, झालं, आता काही बोलायला नको. तिकडे पण असंच वाटायचं. तुझ्याजवळच गप्प बसता यायचं मला. तू गेलीस तर मी कोणाजवळ गप्प बसू?"

कंडक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बाई खमकी. म्हणाल्या, "तुमची गप्प बसायची सोय झाली. माझ्या बोलण्याचं काय?"

ते गडबडले. इकडेतिकडे बघितलं. मग, दुसरं काही सुचेना म्हणून की काय, बोलायला लागले. तीन नंबरचं मशीन सकाळपासून कसं कण्हतंय. इस्पितळाच्या चादरीत कोणाची तरी कवळी कशी सापडली, नि ती हातात धरून ते कसे सगळ्यांपुढे उभे राहिले. त्यांच्या बायकोने मध्येच विचारलं, कवळी वरची की खालची? ते म्हणाले, थांब, तिथेच येतोय. जेवण संपल्याची घंटा वाजली, लोक उठले, आणि ते अजून कवळीवरच होते.

मुकादमीणबाई आमच्या टेबलाशी आल्या. मला म्हणाल्या, "आज शुक्रवार. तिला विचार, काय ठरलं?"

मी विचारलं. कंडक्टरीणबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. ते हात वर करून कवळीचा आकार दाखवत होते.

"त्यांना म्हणावं, आता नाही जाता येणार," त्या म्हणाल्या. "यांचं बोलणं अजून संपलेलं नाही."