पाण्यावरची न्हाणी

पाच एप्रिल, रविवार. ठरलेली रक्कम सहा हजार आठशे रुपये. हजर आम्ही तिघं: मी, माझी आई आणि पडेगावच्या आमच्या घराशेजारी ज्यांचं फायबरचं शेड आहे ते भाई. काम एवढंच होतं, की एका नावेच्या मागच्या बाजूला पाण्याच्या पातळीला येईल असा फायबरचा ओटा बसवायचा. मोठ्या बोटींना असे ओटे असतात आणि लोक त्यावरून पोहायला उतरतात, हे मी कधीतरी एका मासिकातल्या चित्रात पाहिलं होतं. आईला पोहता येत नाही. तिला त्या ओट्यावर बसून माझ्या थोरल्या बहिणीला न्हाऊ घालायचं होतं.

ही बहीण माझ्या जन्माच्या चार वर्षं आधी, वयाच्या सहाव्या दिवशी गेली. आमचं गाव तेव्हा गोदावरीच्या काठी होतं. आता ते धरणाच्या पाण्याखाली आहे. त्या सकाळी न्हाऊ घालणारी बाई आलीच नव्हती. दुपारी पोरीचा श्वास थांबला. पुरुषांनी तिला कापडात गुंडाळून मळ्यात नेलं आणि चिंचेखाली पुरलं. इतक्या लहान जिवाला जाळत नाहीत. आई ओली बाळंतीण, तिला कुणी उंबऱ्याबाहेर येऊ दिलं नाही. पुढं दहा-बारा वर्षं ती त्याच मळ्यात राबली, त्याच चिंचेखाली भाकर खाल्ली. मग धरण आलं. सरकारनं विहिरीचे पैसे दिले, झाडांचे दिले, चिंचेचेही दिले. आम्ही दाराच्या चौकटी काढून बैलगाडीत घातल्या आणि निघालो. मी लहान होतो, चौकटींवर बसलो होतो. आई गाडीत बसली नाही. ती गाडीच्या मागून चालत आली, आणि सारखी मागं बघत होती.

आम्ही दोघं भाऊ. पण लेकरं किती, असं कुणीही विचारलं की आई तीन सांगायची. शिरगणतीवाला मास्तर दारात उभा राहिला तेव्हाही तिनं तीनच सांगितलं. मी दुरुस्त करायला गेलो तर म्हणाली, “मी जन्म दिले तेवढे सांगितले. तू कुठं मोजायला होतास?” बँकेतल्या हिशेबाच्या नोकरीत माझी सारी हयात गेली, पण घरातला हा एक आकडा मला कधी जुळवता आला नाही.

माझी मुलं झाली तेव्हा आईनं त्यांना एकदाही पायांवर घेतलं नाही. तेल लावायची, शेक द्यायची, पण पाण्याची वेळ झाली की उठून अंगणात जायची. माझ्या बायकोला ते लागलं होतं. तिला वाटलं सासूला नातवंडांचं कौतुक नाही.

त्या साली पाडव्याच्या आधी आई दोनदा चक्कर येऊन पडली. दुसऱ्यांदा शुद्धीवर आल्यावर मला जवळ बोलावून म्हणाली, “पारोशी गेली रं माझी पोर. आता एवढं पाणी हाये तिच्यावर, माझा हात तेवढा न्हाय. एकदा न्हाऊ घालते, मग माझं काय करायचं ते कर.”

अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली तेव्हा आई सात-आठ वर्षांची होती. त्यावरून धरलं तर त्या साली अडुसष्ट. वजन बावन्न किलो. गुडघे धरलेले. बॅकवॉटरला भाड्यानं मिळणारी एकच नाव मला तिला बसवण्यासारखी वाटली. ती फायबरची होती, वल्ह्यांची, मागची फळी सपाट. पण तिचा काठ पाण्यापासून वीस इंच वर. आईचा हात तिथून पाण्याला पोचणार नव्हता, आणि तिला नुसता हात पोचवायचा नव्हताच. लेकराला न्हाऊ घालतात तसं पाय लांब करून बसायचं होतं, आणि पाणी पोटऱ्यांना लागलं पाहिजे होतं. म्हणून ओटा.

भाई कूलरचे सांगाडे आणि पाण्याच्या टाक्या बनवतात. त्यांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी रोलरला चिकटलेलं रेझिन सुरीनं खरवडून काढलं. मग म्हणाले, “नाप अम्मा का लेना पडेगा. अंदाजे से नै होता ये.”

शेडच्या फरशीवर आईला बसवलं. पाठ उजव्या भिंतीला टेकवली. भाई खडू घेऊन समोर बसले.

“अम्मा, पैर लंबे करो. आराम से.”

“आरामशीरच हाये. तूच का थरथरतो?” आई म्हणाली. “खडू धर नीट. माझी पाटी करतो काय?”

पाठीपासून टाचेपर्यंत सदतीस इंच निघाले. दोन्ही बाजूंना हात फिरायला जागा धरून रुंदी तीस. लांबी मी बेचाळीस धरली. आई उठून गेली तरी खडूची रेघ फरशीवर राहिली. लांब केलेले दोन पाय आणि मध्ये एक चिंचोळी मोकळी जागा. पुढचे पंधरा दिवस भाई त्या रेघेला वळसा घालून जात होते. मी एकदा सहज म्हणालो, पुसून टाका की. ते म्हणाले, “रहने दो. खाली कहाँ है वो?”

मी त्यानंतर शेडमध्ये गेलो की उजव्या भिंतीकडं बघत नसे.

साचा आम्ही सनमायका लावलेल्या प्लायचा केला. त्यावर मेण चोळलं, म्हणजे फायबर साच्याला धरत नाही. एप्रिलच्या उन्हात रेझिन बघता बघता घट्ट होतं, बादलीतच धूर निघायला लागतो, म्हणून सकाळी सहाला काम धरायचं आणि आठला थांबायचं. काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, ब्रशनं रेझिन पाजायचं, रोलर फिरवून आतली हवा काढायची. दोन थर, मध्ये प्लायची फळी, वर पुन्हा दोन थर. थरात बुडबुडा राहिला तर तिथंच ओटा फुटणार. मी प्रत्येक थर घट्ट झाल्यावर नाण्यानं ठोकून आवाज ऐकत होतो. भाई हसायचे. “साहब, बैंक का सिक्का है क्या, खोटा निकलेगा?”

चौथ्या दिवशी साच्यातून माल सुटला. गुळगुळीत, पांढरा, चारी बाजूंनी दोन इंचांचा सुबक काठ. आम्ही दोघं खूश. आई काठीवर रेलून आली, बघितलं आणि म्हणाली, “आरं, ह्यो तर कूलरचा टिरे केलास तू!”

होताच तो, कूलरखाली पाणी साठवायचा ट्रे. भाईंनी कपाळावर हात मारला. “तीस साल से वहीच बनारा मैं, अम्मा. हाथ कू दूसरा कुछ आताच नै.”

मी म्हणालो, काठ असू दे, तू घसरणार नाहीस.

“न्हाणीला मोरी लागती का न्हाय?” आई म्हणाली. “पोरीच्या अंगावरलं पाणी तिच्याच अंगाखाली साठवतो व्हय? वाहून गेलं पाहिजे ते.”

भाईंनी ग्राइंडर लावून पायांकडचा काठ कापून काढला. बाजूचे दोन ठेवले, तिला धरायला. कापलेल्या कडेवर पुन्हा एक थर दिला. खालून जाड पाइपचे दोन तिरपे टेकू. मग अंगणात ओटा भिंतीला बोल्टनं कसून त्यावर सिमेंटच्या दोन गोण्या ठेवल्या. शंभर किलो, दिवसभर. टोकाला एका सुताच्याही, म्हणजे अष्टमांश इंचाच्याही, आत वाकला. टेम्पो धरून खर्च सात हजार तीनशे चाळीस झाला आणि तो मी भाईंना तिथंच दिला.

अखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सकाळी आईनं घरी वडिलांच्या नावानं पाण्याची घागर भरली आणि आम्ही निघालो. भाई बोल्ट बसवायला सोबत होते. नाववाले साठीचे, मासेमारी करणारे. आईनं त्यांना मळ्याची खूण सांगितली: गावाच्या खालच्या अंगाला, मोटेच्या विहिरीपासून पन्नास पावलं, चिंच. मला वाटलं होतं ते हसतील. चारी दिशांना नुसतं पाणी होतं. पण ते म्हणाले, “चिंच ना? दरसाली माझं जाळं फाटतंय तिच्यात. बुंधा हाये अजून. दोन पुरुष पाणी असंल वर.”

अर्धा तास वल्हवल्यावर त्यांनी नाव थांबवली, दगड बांधलेला दोर सोडला, जागेवरच थोडा ओढून बघितला. दोर अडकला. “ही बघा,” ते म्हणाले. आईनं पाण्याकडं पाहिलं. पाणी हिरवं होतं, हातभर खालचंही दिसत नव्हतं. “हीच,” ती म्हणाली.

नावेच्या मागच्या फळीवर मी रंगानं एक खूण केली होती. बावन्न किलो ओट्यावर आले की पाणी तिथपर्यंत चढेल आणि आईच्या घोट्यांवरून चार बोटं जाईल, असा माझा हिशेब. भाईंनी आणि मी तिला काखेत धरून उतरवलं. ती बसली, पाठ नावेला टेकवली, पाय लांब केले. पाणी बरोब्बर खुणेवर आलं. माझ्या जिवात जीव आला.

मग तिनं पिशवीतून तांब्या काढला, हळद-बेसनाची पुडी काढली, आणि पायांवर आडवं काहीतरी घेतल्यासारखे हात केले.

मी तोंड फिरवणार होतो, पण धरून ठेवणं भाग होतं. तिनं डावा तळवा कपाळासारखा आडवा धरला आणि डोळ्यांत पाणी जाऊ नये तसं वरून तांब्या ओतला. हात ओढले, छातीवर त्यांची फुली केली. पालथं घातलं. नाकाची पट्टी चिमटीत धरून ओढली. सगळं सावकाश, कुठंही चूक नाही. तोंडानं पुटपुटत होती, “झालं, झालं गं बाय, संपलंच.” पिवळं पाणी पायांकडून वाहत जाऊन हिरव्यात मिसळत होतं.

मी खुणेकडं बघितलं. पाणी खुणेच्या दोन बोटं वर होतं.

भाई तिच्या मागं वाकले होते, त्यांचा भार मागं आला असणार. सहा दिवसांच्या मुलीनं नाव दोन बोटं बुडत नाही, हे मला कळतं. तरी मी भाईंना मागं सरका म्हणालो नाही. खूण बघायची मला भीती वाटली.

शेवटचा तांब्या तिनं ओवाळून पाण्यात ओतला. मी म्हणालो, “चल आई. झालं ना आता?”

“थांब, पुसू दे.”

पिशवीतून तिनं एक दुपटं काढलं. वडिलांच्या धोतराचं आणि तिच्या जुन्या लुगड्याचं, कधी शिवलं मला माहीत नाही. ते पायांवर पसरलं, चारी कोपरे आत घेतले, आणि उचलून खांद्याशी धरलं. एका हातानं. दुसरा हात पुढं करून आम्हाला म्हणाली, धरा. आम्ही तिला वर घेतलं.

इतके दिवस मी असं धरून चाललो होतो, की ती तिथं जाऊन निरोप देईल आणि आमच्या घरातला तो आकडा एकदाचा मिटेल. काठ जवळ यायला लागला तसं मला कळलं, की आई निरोप द्यायला आलीच नव्हती. ती न्यायला आली होती. दुपट्यावर तिचा तळवा सारखा हलके हलके पडत होता. नाववाल्यांनी वल्हं हळू मारायला सुरुवात केली, हेही मी पाहिलं.

काठाला लागल्यावर मी पाकीट काढलं. जाऊन-येऊन माणशी दोनशे ठरले होते. “तिघांचे सहाशे,” नाववाले म्हणाले. मी दिले. ओटा त्यांनी ठेवून घेतला. म्हणाले, “बाया-म्हातारी माणसं येतात नावेत, त्यांना बरं पडंल.”

आईनं पदराची गाठ सोडायला सुरुवात केली. एक हात अडकलेला, म्हणून दातानं.

“हिचं किती?”

नाववाल्यांनी दुपट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. “लेकराचं न्हाय घेत मी, मावशी.”

“घ्या. फुकट आली असं नको व्हायला. निम्मं घ्या, आन् येतानाचंच घ्या. जाताना नव्हती ती.”

जाऊन-येऊन दोनशे, म्हणजे एका बाजूचे शंभर, त्याचे निम्मे पन्नास. माझा हिशेब होईपर्यंत आईनं नोट पुढं केली होती. नाववाल्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

नाववाल्यांना एकूण दिले सहाशे पन्नास. सहाशे मी, पन्नास आईनं.