दोन शेड उजळ

अक्का दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायच्या आणि ती थेट बाळीवेशीपर्यंत ऐकू जायची, असं आमच्या पेठेत आजही सांगतात. मैदानावर पोरापोरींना धावायला शिकवताना त्यांनी कधी शिट्टी वापरली नाही. म्हणायच्या, "शिट्टी हरवती. बोटं कुटं हरवत्यात?" बाईमाणसानं शीळ घालणं पेठेला काही पचलं नाही. पण माझी मुलगी श्रावणी त्या शिळेवर गजराशिवाय उठून पळायला जायची, म्हणून मी तरी गप्प असे.

अक्का कर्नाटकातल्या हल्याळकडच्या, सिद्दी समाजाच्या. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे हे वंशज. रंग काळाभोर, केस दाट कुरळे. शर्यतींच्या निमित्ताने आमच्या बसूअण्णांशी ओळख झाली आणि लग्न होऊन त्या सोलापुरात आल्या. मंडईत भाजीवाल्या त्यांना परदेशी समजून बोटं नाचवत 'ट्वेंटी मॅडम, ट्वेंटी' करायच्या. अक्का वांगं उचलून त्यातली कीड अस्सल कानडीत दाखवायच्या. मग भाजीवाली तोंडाला पदर लावून म्हणायची, "अय्य शिवने! ही तर आपलीच पोरगी की!" पुढच्या आठवड्यात दुसरीचं पुन्हा 'ट्वेंटी'. अक्का प्रत्येक वेळी तितक्याच हसायच्या. त्यांच्या जागी मी असतो तर वांगं फेकून मारलं असतं.

बसूअण्णा महापालिकेला उभे राहिले आणि पेठेला अण्णांपेक्षा अण्णांच्या बायकोचीच काळजी लागली. पाणी चार दिवसांआड येतं, गटार तुंबलंय, ते राहिलं बाजूला. हिच्या डोक्यावर पदर का नाही, ही पँट घालून पळते कशी, ही नक्की कुठल्या देशाची, याच्यावर चहाच्या गाड्यावर चर्चासत्रं झडू लागली. समोरच्या उमेदवाराची बायको गोरी होती की सावळी, हे मात्र मला आजही सांगता येणार नाही. ती कधी दिसलीच नाही आणि तिच्याविषयी कुणी विचारलंही नाही.

माझं फ्लेक्सचं दुकान. आमच्या धंद्यात स्क्रीनवर चेहरा आला की पहिला हात रंगाला: दोन शेड उजळ. हे कुणी सांगावं लागत नाही, चहात साखर घालावी तसं आपोआप होतं. अण्णांचे चुलते तात्या प्रचार बघत होते. ते अण्णा-अक्कांचा जोडीचा फोटो देताना फक्त म्हणाले, "सूनबाईचं जरा बघून घे." मी चांगलंच बघून घेतलं. अक्कांना गव्हाळ केलं, केस सरळ केले, डोक्यावर कुणाचा तरी पदर आणून ठेवला. तात्यांनी पाठ थोपटली. संध्याकाळी फ्लेक्स चौकात लागला.

तासाभरात अक्का दुकानात. आधी हसल्या. "श्रावणीचे पप्पा, ही बाई कोण हो? आमच्या ह्यांनी दुसरी केली काय की?"

मी ओशाळून म्हणालो, "अक्का, सगळ्यांचंच करतो हो. लोक रंग बघतात. तुमच्या भल्यासाठीच."

त्यांचं हसू गेलं. "हिच्या तोंडावर हे निवडून आले तर मी कुटं जाऊ, ते सांगा."

मागोमाग अण्णा आणि तात्या आले. तात्यांनी स्पष्टच सांगितलं, खरा चेहरा लावला तर सीट जाणार. अण्णा खाली बघत म्हणाले, "आठ दिवसांचा तर प्रश्न हाय गं."

"व्हय. पण आठ दिवस मी कोण होऊ?"

अक्का निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला आलो तर अण्णा पायरीवर बसलेले, मांडीवर फ्लेक्सची गुंडाळी. स्वतः शिडी लावून उतरवला होता. म्हणाले, "जशी हाय तशी लाव. माझाबी रंग काढ." मी त्यांनाही दोन शेड उजळवलं होतं, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

मग अक्का त्यांच्यासोबत घरोघर फिरल्या. एका म्हातारीने हळदीकुंकू लावताना त्यांचं मनगट हळूच चोळून पाहिलं, रंग निघतो का म्हणून. अण्णांचा चेहरा पडला. अक्कांनी दुसरा हात पुढे केला. "ह्योबी बघा आज्जी. दोन्ही पक्के हायत." म्हातारी इतकी हसली की तिने अक्कांना बसवून शेंगाचटणी आणि कडक भाकरी खायला घातली.

अण्णा पडले. थोडक्यात, पण पडले. गोष्ट रचायची असती तर मी त्यांना निवडून आणलं असतं. गाड्यावर अजून म्हणतात, 'बायकोमुळं पडला.' ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. बायकोमुळं नाही, आपल्यामुळं पडला, असं म्हणून मी तिथल्या एकदोघांशी भांडलोही आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मैदानावर शीळ मात्र वेळेवर वाजली.

पुढच्या वर्षी अक्कांना धारवाडकडे प्रशिक्षकाची नोकरी लागली. जाण्याआधी पासपोर्ट फोटोसाठी दुकानात आल्या. चेहरा स्क्रीनवर आला आणि सवयीने माझा हात रंगाकडे गेला. मागून कानठळ्या बसवणारी शीळ आली. मी खुर्चीतून उडालो. "फाऊल!" अक्का म्हणाल्या आणि पोट धरून हसल्या. शर्यतीत कुणी आधीच पळालं की त्या अशीच शीळ घालायच्या.

हे सगळं श्रावणी कोपऱ्यात उभी राहून बघत होती. ती माझ्यावर गेलीय, सावळी. अक्का गेल्यावर तिने विचारलं, "पप्पा, माझा खरा फोटो हाय का ओ तुमच्याकडं?"

मी कॉम्प्युटर उघडला. बालवाडीपासूनचे फोटो होते. वाढदिवस, गॅदरिंग, आयकार्ड. सगळे मीच केलेले, सगळे दोन शेड उजळ. पोटच्या पोरीला मी तिचाच चेहरा दाखवू शकलो नाही. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्या रात्री अक्कांना फोन करून सगळं सांगितलं. थोड्या वेळाने त्यांच्या मोबाईलवरून एक फोटो आला. शर्यतीची शेवटची रेघ, घामाने निथळलेली, उन्हाने आणखी काळवंडलेली, तोंडभर हसणारी श्रावणी. तो मोठा करून दुकानात लावलाय. गिऱ्हाईक विचारतं, ही कोण? मी सांगतो, माझी मुलगी. फोटो अक्कांनी काढलाय.