मावशींची तलफ

गणवेश शिवायच्या कारखान्यात कापड कापायचं काम मावशी सव्वीस वर्षं करत होत्या. खडूची रेघ आखली की मशीन तिच्यावरून तसूभर ढळायचं नाही. पण फोनवर रमी आली आणि त्यांचं चित्त थाऱ्यावर राहीना. एका दुपारी डावाच्या नादात उजव्या बाहीसाठी कागदी नमुना उलटा ठेवायचा राहिला आणि अख्खा गठ्ठा डाव्या बाह्यांचा निघाला. उजवी एकही नाही. मालक ओरडला नाही. "उपचार घ्या, नाहीतर घरी बसा," एवढंच म्हणाला.

समुपदेशक बाई त्यांच्या मुलाच्या वयाची. मावशींना वाटलं होतं, एखादी गोळी देईल, निदान चार शब्द सुनावेल.

"तलफ येईल," ती म्हणाली. "येऊ द्या. तिला हाकलू नका, तिचं ऐकूही नका. अंगात कुठे जाणवते तेवढं बघा आणि हातातलं काम करत राहा."

"अहो, ती घालवायला आलेय मी! तुम्ही तर तिला बसायला खुर्ची देताय!"

"घालवून बघितलीत ना? गेली?"

फोन कपाटात कोंडून झाला होता, मुलाची शपथ घेऊन झाली होती.

मग जेवणाच्या सुट्टीत त्या नुसत्या बसू लागल्या. बोटं शिवशिवायची, छातीत कुणी मूठ आवळल्यासारखं व्हायचं. "बघतेय, बघतेय," त्या दातओठ खात पुटपुटायच्या. शेजारची काजं करणारी फिदीफिदी हसायची. तिसऱ्या आठवड्यात राहवलं नाही. संडासात बसून सलग चार डाव खेळल्या. दुसऱ्या दिवशी तणतणत बाईकडे गेल्या.

"तुमची विद्या माझ्या काही कामाची नाही!"

बाई रागावली नाही, याचाच त्यांना जास्त राग आला. तिनं विचारलं, "खेळ नसता, तर त्या वेळात काय केलं असतंत?"

"सुनेला कटिंग शिकवलं असतं," मावशींच्या तोंडून निघून गेलं. सून दोन वर्षांपूर्वी मागे लागली होती. 'बघू' म्हणून यांनी फोनमध्ये डोकं घातलं होतं.

सुट्टीच्या दिवशी जुनी चादर पसरून त्यांनी सुनेला फ्रॉक आखायला बसवलं. निम्म्यात तलफ आलीच.

"आई, लक्ष कुठंय तुमचं?"

"छातीत. तू आख. रेघ वाकडी जातेय."

गळा कापून होईपर्यंत तलफ मानगुटीवर बसून होती. मावशी सुनेवर दोनदा खेकसल्या, पण उठल्या नाहीत.

"अजून येते," पुढच्या खेपेला त्यांनी बाईकडे तक्रार केली. "रोज येते."

"मग तुम्ही काय करता?"

"कापते," मावशी वैतागून म्हणाल्या. "दुसरं काय करणार!"