नानांचा गाठींचा दोर

मे महिन्यातला सोमवार, सकाळचे आठ. विहिरीत पाणी सहा हात. हजर तिघे: मी, चुलतभाऊ बबन आणि आमचे चुलते नाना. विहीर तिघांची सामाईक.

नानांच्या खांद्यावर कायम एक दोर असे. हात-हात अंतरावर गाठी, टोकाला दगड. आमच्या डिंगोरे गावातले बाकीचे लोक मोबाइलवर हवामान बघत. नाना दोर विहिरीत सोडून ओल्या गाठी मोजत. कुणी पाणी वाया घालवताना दिसला की आधी ढेकूळ फेकत, मग नाव विचारत. मला ते माझ्या वहीवरून 'कारकून' म्हणायचे.

पाण्याच्या पाळ्या त्या वहीत मीच लावल्या होत्या. प्रत्येकाला चार तास: सकाळी मी, मग नाना, शेवटी बबन. मिनिटाचा फरक नाही. नाना म्हणाले होते, "कारकुना, वही मीट, दोर घे. आधी दुष्काळ एकटा यायचा. आता आगीसारखं ऊन संगं घिऊन येतोय. पाणी निम्मं आन् पिकाची तहान दुप्पट. शेवटच्याला काय उरतंय, बघ की!" मी बेरीज पुन्हा तपासली. ती बरोबर होती.

सलग सहा दिवस बबनच्या पाळीला मोटर पंधरा मिनिटांत हवा ओढू लागली. त्याचे टोमॅटो झाडावरच पांढरे पडून उकडले.

सातव्या दिवशी, म्हणजे त्या सोमवारी, तो फावडं घेऊन स्टार्टरपुढे उभा होता. "तुझ्या वहीत चार तास, माझ्या पायपात हवा! बटण दाब, हात तोडतो."

"पाळी माझी आहे," म्हणून मी बटण दाबलं.

फावडं माझ्या डोक्यावर आलं. नानांनी मध्ये हात घातला. हाड मोडल्याचा आवाज मोटरच्या घरघरीतही ऐकू आला.

 धड हातानं नानांनी खांद्यावरचा दोर ओढला आणि आम्हा दोघांना झोडपून काढलं. "मारा! एकमेकांस्नी मारा! ऊन कमी पडतंय न्हवं तुमाला!" माझ्या पाठीवर सात वळ उठले. बबनच्या नऊ, कारण तो जागचा हलला नाही.

मग मोटर बंद करायला लावून त्यांनी दोर विहिरीत सोडला. "सहा हात. दोन-दोन वाटा. दोन हात पाणी उतरलं की मोटर बंद, मग किती का येळ लागंना. माझं बबन्याला सोडा."

"नाना, तुमचा रानातला घास जळंल. म्हशीला काय घालाल?" बबन रडत होता.

"आधी दवाखान्यात ने, मुडद्या. लई दुखतंय."

नारायणगावला हाड जुळलं, मनगट वाकडंच राहिलं. त्या वाकड्या हातानं नानांनी आणखी दोन उन्हाळे दोर सोडला. गेल्या दिवाळीनंतर ते गेले. मागे काकू आहेत, म्हैस आहे.

यंदा मेमध्ये पाणी पाच हात भरलं. दोर बबननं सोडला, गाठी मी मोजल्या. नानांच्या वाट्याचे दोन हात आधी काकूंच्या घासाला दिले. उरलेले तीन आम्ही दोघांनी घेतले, दीड-दीड.